समोरच्याची वाक्यं

१

माझं नाव नागसेन. राहायला पिंगळी, स्टेशनच्या अलीकडं. उंची पाच फूट सात, वय तोंडावर दिसतंय तेवढं. हे मी आपलं सवयीनं सांगायलोय. ऑडिशनच्या व्हिडिओत सुरुवातीला हेच सांगावं लागतं. मग डावीकडं वळून चेहरा दाखवायचा, उजवीकडं वळून दाखवायचा, मग हात दाखवायचे, तळवे आणि पाठ. बाजारात बैलाचे दात बघतात, तेवढंच काय ते करायचं राहिलंय.

पूर्वी ह्यासाठी रेल्वेनं मुंबईला जावं लागायचं. दिवसभर कुठल्यातरी जिन्यावर बसायचं, आणि आत गेलं की एकजण मान वर न काढता 'नॉट फिट' म्हणायचा. आता तेच घरबसल्या होतं. मोबाईल स्टँडला लावा, भिंतीवर राखाडी चादर ताणा, व्हिडिओ करा, पाठवा. पुढं काहीच होत नाही. नकारसुद्धा येत नाही. दोन निळ्या टिका उमटतात आणि आपण काय ते समजून घ्यायचं.

नाट्यशास्त्राची डिग्री आहे माझ्याकडं. कामं काय केली? एका मालिकेत हवालदार, पाठमोरा. एका सिनेमात प्रेत. प्रेताचं काम लय चांगलं झालं होतं, दिग्दर्शक स्वतः म्हणाला. पण प्रेत चांगलं केलं म्हणून पुन्हा कुणी बोलवत नाही हो. बाकी वर्षभर लग्नात सूत्रसंचालन. 'आता मामा मुलीला घेऊन येताहेत' हे माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य.

घर चालतं ते बबिताच्या पगारावर. माझी बायको. परभणीला खाजगी शाळेत शिकवते, सकाळी जाते, दुपार टळल्यावर येते. तिचा भाऊ चंद्रभान गंगाखेडला साखर कारखान्यात आहे. त्यानं माझ्यासाठी वजनकाट्यावरची जागा धरून ठेवली होती. उसाची गाडी आली की काट्यावर घ्यायची, वजन मांडायचं, सोडायची. कारखान्याचा बॉयलर पेटून हंगाम सुरू व्हायच्या आत हो की नाही ते सांगा, असा निरोप होता.

"मी म्हणत न्हाई सोडा म्हणून," बबिता म्हणाली होती. "पण ह्या दिवाळीपर्यंत बघा. मलाबी थकायला होतंय ओ."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती थकली होती.

२

ऑक्टोबरात रोहिणीचा मेसेज आला. रोहिणी म्हणजे पुण्याची, कास्टिंगवाली. तिला मी आजवर किती व्हिडिओ पाठवले ते तिलाही माहीत नसेल. वेब सिरीज होती, शूटिंग आमच्याच भागात, गंगाखेडला. मुख्य चार माणसांतलं एक काम: एसटीचा कंडक्टर. आठही भागांत. मी दोनदा वाचलं. मग बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो आणि पुन्हा वाचलं.

सोबत एक सीन. शेवटचा थांबा आलाय, गाडी रिकामी झालीय, एक प्रवासी उतरायला तयार नाही. लिहिणारा पुण्याचाच असावा, कारण कंडक्टर म्हणत होता, 'कुठं जायाचं हाय जी?' आता 'जी' तिकडं नागपूरकडं म्हणतात, 'जायाचं' आणखी कुठं. आमच्या परभणीत असं बोललं तर लोक म्हणतील, पाहुणा कुठला आलाय हे. पण असं काही सुचवलं की उत्तर ठरलेलं असतं: 'सर, तुमची मराठवाडी ओरिजिनल वाटत नाही.' मागच्या वेळी हेच ऐकलं होतं. माझ्या आईनं मला ज्या भाषेत शिव्या दिल्या ती भाषा ओरिजिनल नाही! आता काय कपाळ फोडून घ्यावं?

समोरच्याची वाक्यं कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायची असतात. त्याला क्यू देणं म्हणतात. एरवी बबिता देते. त्या दिवशी ती शाळेत होती, व्हिडिओ ती यायच्या आत पाहिजे होता. मग अशा वेळी आम्ही एकटे नट काय करतो, तर समोरच्याचं वाक्य मनातल्या मनात म्हणायचं, तेवढा वेळ गप्प राहायचं, आणि मग आपलं बोलायचं. पाठवताना लिहायचं, 'क्यूला कुणी नव्हतं, सांभाळून घ्या.'

भर दुपार. मागच्या खोलीत चादर ताणली, तिच्यासमोर स्टूल ठेवलं. कूलर बंद केला, नाहीतर आवाजात घरघर येते. खिडकी लावली. घाम पाठीवरून खाली उतरायला लागला. मोबाईलच्या पलीकडं खोलीचा कोपरा, तिथं गाद्यांची चळत आणि आमचं मोडकं शिलाई मशीन. प्रवासी तिथं बसलाय असं धरलं आणि सुरू केलं.

एका दमात झालं. असं सहसा होत नाही. उठलो आणि मला वाटलं, चला, आज काहीतरी खरं झालं.

३

कूलर लावून व्हिडिओ बघायला बसलो.

"उतरा पाहुणे," व्हिडिओतला मी म्हणालो. "गाडी पुढं जात न्हाई."

मग मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी म्हणालं, "मला पुढंच जायचंय."

कूलर बंद केला. पुन्हा लावून बघितलं. आवाज पुरुषाचा, हळू, जेवण झाल्यावर माणूस बोलतो तसा. 'जायाचं' नाही, 'जायचंय.' आमच्याकडं म्हणतात तसंच.

पहिला विचार हाच की मीच बोललो असणार. पण व्हिडिओत माझे ओठ मिटलेले दिसत होते. मग वाटलं शेजारचा असेल, टीव्ही असेल, रेल्वेच्या फाटकाजवळ थांबलेला ट्रकवाला असेल. पण ट्रकवाला माझ्या सीनमधलं पुढचं वाक्य कसं म्हणेल? कारण पुढचंही होतं. सगळीच होती.

"पुढं रस्ता न्हाई," मी.

"तुमी चला तर."

आणि मला खरा घाम फुटला तो माझंच तोंड बघून. व्हिडिओतला मी ऐकत होतो. मनात वाक्य मोजत गप्प बसलेला माणूस वेगळा दिसतो, त्याचे डोळे रिकामे असतात, हे कुठल्याही नटाला कळतं. माझे डोळे भरलेले होते. मोबाईलच्या जरा डावीकडं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, ते टिकून होते. 'तुमी चला तर' ऐकून मी किंचित मागं सरकलो होतो. हे मला आठवत नव्हतं.

कोपऱ्यात जाऊन बघितलं. गाद्या, मशीन. मशीनवर धूळ.

सगळं खरं सांगायचं तर, त्या धाकधुकीतसुद्धा मला एक गोष्ट दिसत होती. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं. समोरचा चांगला असला की नट चांगला होतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी व्हिडिओ पाठवून दिला. सांभाळून घ्या वगैरे काही लिहिलं नाही.

४

रोहिणीचा फोन आला. फोन! मेसेज नाही.

"सर, काय टेप आहे! डिरेक्टरनी तीनदा बघितली. तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

तुमच्याच मोबाईलमध्ये होतो बाई, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

"आणि क्यू कोणी दिलाय? किती ओरिजिनल बोलतात ते. तुमचे कोणी आहेत का?"

इथं मी सांगू शकलो असतो. काय सांगणार होतो पण? की कुणी नव्हतं? पुण्यातल्या त्या पोरीनं फोन ठेवून दिला असता आणि माझ्या नावापुढं 'जरा सटकलेत' असं लिहिलं असतं.

"मित्र आहे," मी म्हणालो. "गावातलाच."

"मग दुसरा सीनही त्यांच्याबरोबरच करा. प्लीज. तुमची केमिस्ट्री लय भारी आहे." ती 'लय' म्हणाली, आणि स्वतःच हसली.

फोन ठेवल्यावर मी खोलीत गेलो आणि तपासून बघितलं. नुसती रिकामी खोली रेकॉर्ड केली. काही नाही. मग मुद्दाम पाट्या टाकत, खोटं खोटं बोलून बघितलं. मोकळी जागा मोकळीच राहिली. मग एकच वाक्य मनापासून म्हणालो, डोळे मिटून. ऐकलं. त्याच्यापुढं उत्तर होतं.

म्हणजे तो वाट बघायचा. मी खरं बोलेपर्यंत तो बोलायचा नाही. माझी एकंदर कारकीर्द बघता, असा धीर धरणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

५

बबिताला मी निम्मंच सांगितलं. रोहिणीचा फोन आला, आवडलंय, दुसरा सीन करायचाय, तू क्यू दे. तिला इतका आनंद झाला की तिनं पर्स खांद्यावरून न काढताच कागद हातात घेतला.

माझ्या मनात होतं, ती वाचेल, तिचा आवाज येईल, ते दुसरं काय होतं ते जाईल, आणि काम तेवढं राहील. असा हिशेब.

ती मोबाईलच्या शेजारी उभी राहिली. ठणठणीत आवाजात वाचलं, शाळेतली सवय. मी बोललो, ती बोलली, मी बोललो. झालं. तिनं टाळी वाजवली.

"दावा, दावा."

आम्ही बघितलं. माझी वाक्यं होती. मध्ये त्याची होती. बबिताची नव्हती. एकही नाही.

तिनं मोबाईल कानाला लावून पुन्हा ऐकला. शेवटी टाळी वाजली, ती ऐकू आली.

"मी वाचलं की," ती म्हणाली. "माझा आवाज कुठं गेला?"

"मोबाईल गोंगाट कापतो आजकाल. सॉफ्टवेअर असतंय."

"मी गोंगाट हाय का? आन् हे कोण बोलायलंय?"

तिला कळायला वेळ लागत नाही. तिनं कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पर्स छातीशी धरली.

"कवापासून?"

"पहिल्या व्हिडिओपासून."

"आन् तुमी तो पाठवला?"

"बबिता, आठ भाग आहेत. मेन काम आहे. वजनकाट्यावर जायची गरज नाही. तू म्हणतीस ना थकायला होतं, तर मग..."

"माझ्यावर घालू नका." तिचा आवाज चिरकला. ती असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही. "तुमाला काम मिळंल. त्याला काय मिळायलंय? फुकट कोण कुणाला साथ देतंय, सांगा बरं?"

ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. दिवा लावला नाही. बुद्धवंदना म्हणताना तिचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मी मागच्या खोलीत बसून व्हिडिओ पाठवत होतो. भीती वाटत होती. पण पाठवायचं बोट थांबत नव्हतं, हेही तितकंच.

६

दुसऱ्या दिवशी रोहिणी म्हणाली, "सर, फायनलच धरा. फक्त एक आहे. डिरेक्टरना तुमचे मित्रही हवेत. प्रवाशाच्या रोलला. जोडी म्हणून घ्यायचंय तुम्हाला."

"तो नट नाही," मी म्हणालो.

"तेच तर हवंय! त्यांचा इंट्रो पाठवा ना. नाव, गाव, प्रोफाइल, हात, नेहमीचं."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"मग परत सगळंच बघावं लागेल, सर. दुसरीही एक जोडी आहे, लातूरची."

लातूरची. म्हणजे बघा.

७

पुन्हा दुपार. बबिता शाळेत. चादर कोपऱ्याकडच्या भिंतीवर ताणली, गाद्या बाहेर काढल्या, मशीन ओढून बाजूला केलं, स्टूल मधोमध ठेवलं. मोबाईल उलटा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेऱ्याच्या मागं उभा होतो. तिथं उभं राहिलं की माणसाला आपोआप उद्धटपणा येतो, हे मला तेव्हा कळलं.

"नाव सांगा," मी म्हणालो.

स्क्रीनवर स्टूल आणि राखाडी चादर.

"गाव. वय. उंची."

काही नाही. बाहेर कुणाच्या तरी शेळ्या ओरडत गेल्या. मला हसू यायला लागलं. एक सुशिक्षित माणूस भर दुपारी स्टुलाची ऑडिशन घ्यायलाय. वजनकाटा काय वाईट आहे, असंही वाटून गेलं. तिथं निदान गाडी तरी खरी असते.

तेवढ्यात स्क्रीनवर पिवळा चौकोन आला. मोबाईलला माणसाचं तोंड सापडलं की त्याच्याभोवती तो आपोआप चौकोन काढतो, तो. स्टुलाच्या वर, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तिथं. चादरीला सुरकुती असेल, मी स्वतःला म्हणालो. मोबाईल फसतो, भिंतीवरच्या डागाला पण तोंड समजतो.

"डावा प्रोफाइल," मी म्हणालो.

चौकोन गेला. तोंड वळलं की तो जातो.

"समोर बघा."

आला.

"उजवा प्रोफाइल." गेला. "समोर." आला.

माझा आवाज आता माझ्या ताब्यात नव्हता, तो सवयीनंच निघत होता. "हात दाखवा."

चौकोन हलला नाही. मग तो जरा मोठा झाला. आणखी मोठा झाला. स्टूल करकरलं, ते मी मोबाईलमधून नाही, कानानं ऐकलं. चौकोन स्क्रीनभर पसरायला लागला, आणि त्याच्या आत फक्त चादर होती. मी रेकॉर्डिंग बंद केलं, मोबाईल ओढून घेतला आणि खोलीबाहेर पळालो. दाराला कडी घातली.

तो व्हिडिओ मी बघितला नाही. बघितला असता तर पाठवला नसता, आणि मला पाठवायचा होता.

८

बबिता आली तेव्हा मी अंगणातच बसलो होतो. रोहिणीचा मेसेज तिलाच वाचायला दिला.

'दोघंही फायनल! अभिनंदन! उद्या सकाळी लूक टेस्टला गाडी येईल. इंट्रो छान. फक्त शेवटी ते स्टुलावरून उठून तुमच्याकडे येतात तेवढं आम्ही कापलंय. त्यांना सांगा, तुम्ही थँक्यू म्हणेपर्यंत उठायचं नसतं.'

बबितानं मोबाईल माझ्या हातात दिला.

"तुमी थँक्यू म्हणला का?"

"न्हाई."

ऑडिशन घेणारा थँक्यू म्हणाला की संपलं. मग नटानं उठून जायचं, मागं बघायचं नाही. मी हजार वेळा तसाच गेलोय.

"मग आता म्हणा," ती म्हणाली. "दार उघडून म्हणा. थँक्यू म्हणा, जा म्हणा. मी हितं उभी हाय. वजनकाटा करा, सूत्रसंचालन करा, घरी बसा, मी एक शब्द बोलणार न्हाई. माझी शप्पथ हाय तुमाला."

ती रडत होती. मी कडी काढली. खोलीत उकाडा कोंडला होता. स्टूल चादरीजवळ नव्हतं, दाराजवळ होतं. मला तिची दया आली, माझीही आली. एक शब्द होता, इंग्रजी, दोन अक्षरांचा. मी तोंड उघडलं.

"सकाळी गाडी येणाराय," मी स्टुलाला म्हणालो. "तयार राहा."

मागं बघितलं तेव्हा बबिता बाहेरच्या खोलीत जाऊन कपडे पिशवीत भरत होती. गंगाखेडची एसटी कितीची आहे, एवढंच तिनं विचारलं, आणि तेही मला नाही, शेजारच्या केवळाबाईला.

९

सकाळी पांढरी गाडी आली. ड्रायव्हर परमेश्वर नावाचा, गंगाखेडचाच, बोलका. मी मागं बसलो. दार मी लावलं, आणि पलीकडचं दार लागल्याचा आवाज झाला. सीट दबली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. अंगणात कुणी नव्हतं.

भीती होतीच. पण मुख्य काम लागलं होतं. पोस्टरवर नाव येणार होतं. चंद्रभानला, गावाला, दोन निळ्या टिकांना, सगळ्यांना दिसणार होतं. मी तेच धरून बसलो होतो.

परमेश्वरनं आरसा नीट केला आणि आरशात बघून हसला. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, ते माझ्या शेजारी गेलं.

"ड्रेसवाल्यानं कंडक्टरचा खाकी ड्रेस दिलाय, मापाचा बघून घ्या म्हणला," तो म्हणाला. "तुमच्या दोघांत कंडक्टर कोण?"

मी हात पुढं केला. मी बोलायच्या आत शेजारून आवाज आला, हळू, जेवण झाल्यावर बोलतात तसा. ह्या वेळी मला रेकॉर्डिंग लागलं नाही.

"मी."

परमेश्वरनं ड्रेस मागं दिला. तो माझ्या हातावरून पलीकडं गेला, आणि खाली पडला नाही.